श्वासाचा बर्फ

त्या इमारतीच्या लिफ्टचा एक नियम होता. द्रवरूप नायट्रोजनचं भांडं वर न्यायचं, तर ते एकटंच जायचं. माणसाने सोबत शिरायचं नाही. भांड्यातून सारखी वाफ निघत असते, आणि लिफ्ट मध्येच अडकली तर ती वाफ आतल्या हवेला हुसकून तिची जागा घेते. आतल्या माणसाला आपण गुदमरतोय हेसुद्धा कळत नाही. म्हणून तळमजल्यावर भांडं आत ठेवायचं, त्याच्या गळ्यात ‘कोणीही आत येऊ नये’ अशी पाटी अडकवायची, वरच्या मजल्याचं बटण दाबायचं आणि आपण जिन्याने धावत सुटायचं. भांड्याच्या आधी वर पोचलं पाहिजे.

ती रोज धावायची. रोजच जिंकायचीही. संस्थेत तिला सगळे ‘बर्फवाली’ म्हणत, आणि तिला ते आवडत नाही हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तिने कधी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशीही ती आधी पोचली. लिफ्टचं दार उघडलं. आत भांडं होतं, आणि भांड्याशेजारी एक माणूस. एका हातात अवजारांची पेटी, दुसऱ्या हातात ठिबकणारी छत्री, आणि चेहऱ्यावर अपराधाचं नावही नाही.

“तुम्ही आत कसे?” ती धापा टाकत म्हणाली.

“दुसऱ्या मजल्यावरून. चालत आलो, आत शिरलो.”

“पाटी वाचता येत नाही का?”

त्याने खाली पाहिलं. पाटी भांड्याच्या गळ्यातून निसटून पालथी पडली होती. त्याने ती उचलली, सुलटी केली, सावकाश वाचली.

“येते,” तो म्हणाला. “थोडी उशिरा आली.”

“लिफ्ट अडकली असती म्हणजे? निपचित पडला असता इथे.”

“एकटा नसतो पडलो. हे होतं की सोबतीला.” त्याने भांड्याच्या झाकणावर ओळखीच्या माणसाच्या पाठीवर मारावी तशी हलकी थाप मारली.

ती हसली नाही. म्हणजे, तिथे हसली नाही.

“बाहेर या आधी. आणि ती छत्री जिन्यातच ठेवा. माझ्या खोलीत ओलं काही चालत नाही.”

“तुमची खोली कुठली?”

“सूक्ष्मदर्शकाची.”

“मग माझीही तीच,” तो म्हणाला. “मी गळती काढायला आलोय.”

बाहेर पावसाची रिपरिप चालली होती. गेला आठवडाभर तशीच होती.

* * *

सूक्ष्मदर्शक कपाटाहून उंच होता. त्याच्या पोटात हवेचा कणही असता कामा नये, आणि गेले काही दिवस कुठून तरी हवा आत झिरपत होती. चित्रं थरथरत होती. म्हणून यंत्र बनवणाऱ्या कंपनीने आपला दुरुस्तीचा इंजिनिअर धाडला होता. तो काम करताना बोलायचा. आधी यंत्राशी, मग स्वतःशी, आणि मग हळूहळू तिच्याशी.

ती मात्र काम करताना बोलायची नाही. तो तिचा नेमच होता, आणि त्याला कारण होतं.

ती स्नायूंतल्या धाग्यांची चित्रं काढायची. नखाहून लहान अशी तांब्याची जाळी घ्यायची, तिच्यावर धागे असलेल्या पाण्याचा थेंब ठेवायचा, आणि ती जाळी इतक्या झटक्यात गोठवायची की पाण्याला बर्फाचे खडे धरायला सवडच मिळू नये. मग ते पाणी काचेसारखं नितळ राहतं आणि धागे आत जसेच्या तसे दिसतात. पण गोठलेली जाळी नायट्रोजनच्या वाटीतून उचलून यंत्राच्या दांडीवर बसवायची, तेवढ्या वेळात वाटीवर कोणाचा श्वास पडला की संपलं. श्वासातली वाफ तिथल्या तिथे गोठते आणि जाळीवर भुरभुरते. चित्रात मग धाग्यांऐवजी काळे ठिपके.

बाकीचे लोक मास्क लावत. तिचा चष्मा मास्कने धुरकट व्हायचा. त्यामुळे वाटीवर वाकली की ती श्वास धरायची, आणि जाळी दांडीवर बसली की बाजूला मान वळवून सोडायची. इतकी वर्षं त्यात कधी खंड पडला नव्हता.

“एवढा वेळ?” पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने विचारलं होतं. “मला वाटलं, माझ्यावर रागावून गप्प बसलात.”

“ते वेगळं.”

“म्हणजे रागावलातही.”

“तुमची गळती बघा.”

गळती त्याला सापडली. एका जोडावरचं रबरी कडं चिरलं होतं. केसाएवढी चीर, बोटाच्या टोकालाच कळेल अशी. त्याने नवं कडं बसवलं आणि जुनं तिच्या तळहातावर ठेवलं. “हे घ्या. एवढ्याशा गोष्टीसाठी मला बोलावलंत.”

“मी नाही बोलावलं. संस्थेने बोलावलं.”

“हो, ते माझ्या लक्षात आहे,” तो म्हणाला. आवाजात तक्रार होती की नाही, हे तिला ठरवता आलं नाही. कडं मात्र तिने टाकलं नाही. टेबलाच्या खणात गेलं.

यंत्र नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत त्याला थांबायचं होतं. करायला काम कमी आणि वेळ बख्खळ. एका दुपारी तो स्टूल ओढून तिच्या टेबलाशी बसला.

“तुम्ही नेमकं शोधता काय, ते तरी कळू द्या.”

तिने पडद्यावर एक जुनं चित्र उघडलं. “हा बारीक धागा. मण्यांच्या दोन माळा एकमेकींना पीळ घालून असतात तसा. आणि हा जाड. याच्या अंगाला ही डोकी फुटलेली दिसतात ना? हे डोकं बारीक धाग्यातल्या मण्याला पकडतं, झुकतं, धागा पुढे सरकतो. मग सोडतं, आणि पुढचा मणी पकडतं. अशी लाखो डोकी एका वेळी. तुम्ही ती पेटी उचलता ना, ती अशी उचलली जाते.”

“आणि यातलं तुम्हाला काय हवंय?”

“सुटण्याचा क्षण. डोक्याने पहिला मणी सोडलाय आणि दुसरा अजून धरला नाही. अधांतरी आहे... तो.”

“पकडण्याचा नको?”

“पकडलेली चित्रं ढिगाने आहेत. पकडायला काही लागतच नाही. इंधन संपलं की सगळी डोकी घट्ट धरून बसतात, सुटतच नाहीत. मेल्यावर अंग ताठतं ते त्यामुळेच. इंधनाचा कण येऊन चिकटला, तरच डोकं सुटतं.”

त्याने थोडा विचार केला. मग कोपऱ्यातली जाड केबल उचलली, एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुसऱ्या टोकाकडून एकेक हात पुढे टाकत ओढू लागला. “म्हणजे असं. एक हात सोडल्याशिवाय पुढचा हात टाकता येत नाही.”

“असंच,” ती म्हणाली.

हातामागे हात टाकत तो जवळ येत गेला. शेवटचा हात पडला तो तिच्या बोटांच्या अगदी लगत. लागला नाही. दोघांनीही केबलकडेच पाहिलं, जणू काही तिच्यावर लिहिलेलं होतं.

“केबल जागेवर ठेवा,” ती म्हणाली. “पायात येते.”

* * *

बर्फ दिसायला लागला तो त्यानंतर.

चित्रं आता थरथरत नव्हती, पण सगळ्या जाळीभर काळे ठिपके. एकदा झालं, दोनदा झालं. विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या पडद्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “गळती गेली नाही अजून. बाहेरची दमट हवा आत येतेय.”

तो पुन्हा कामाला लागला. एकेक जोड उघडला, पुसला, बंद केला. तोंडाने बडबड चालूच. यंत्राला म्हणायचा, “सांग ना बाई, कुठे दुखतंय?” आणि वाटीवर वाकलेल्या तिच्याकडे न बघता म्हणायचा, “काही जण दुखलं तरी सांगत नाहीत.” ती श्वास धरून असायची. आणि धरलेला श्वास नाकातून फुस्सकन निसटायचा... हसू म्हणावं इतका मोठा नाही. तिच्या स्वतःच्याही तो ध्यानात येत नव्हता.

इंधन घालून गोठवायचा नमुना आता थोडाच उरला होता. नवा तयार व्हायला कित्येक महिने लागले असते. मोठ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, “यंत्र ठीक झाल्याशिवाय उरलेल्याला हात लावायचा नाहीस. एक जाळी फक्त तपासणीला घे. बाकी थांब.”

ती जाळी तिने दुसऱ्या दिवशी दुपारी गोठवली. वाटी भरली, चिमटा हातात घेतला, तेवढ्यात तो उठला.

“मी चहाला जातो.”

“आत्ता? तुम्ही जात नाही कधी या वेळेला.”

“आज जातो,” तो म्हणाला आणि दार अलगद लावून गेला.

खोली शांत झाली. तिने श्वास धरला, जाळी उचलली, बसवली, मान वळवून श्वास सोडला. दांडी यंत्रात सरकवली. पडदा उजळला.

ठिपका नव्हता. एकही नाही. नितळ काचेत ठेवल्यासारखे धागे, एकाशेजारी एक, आणि जाड धाग्यांवरची डोकी इतकी स्वच्छ की तिने खुर्ची पुढे ओढली.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर. मग तिच्या मनात सगळं आपोआप जुळत गेलं. यंत्र तेच. हवा तीच, दमट. नमुना तोच. आज खोलीत एकच गोष्ट नव्हती. आणि ती गोष्ट नसली की आपण श्वास कसा धरतो, नि ती असली की कसा धरतो, हे तिला पहिल्यांदा कळलं. यंत्रात गळती नव्हतीच. ती आपल्यात होती.

पाठोपाठ दुसरा विचार आला. हे कळलं की तो जाणार. लगेच, बहुधा उद्याच.

दार उघडलं. तो आत आला. तिने पडदा कधी विझवला, तिलाच कळलं नाही.

“काय निघालं?”

“तसंच,” ती म्हणाली. “बर्फ.”

नेहमी बोलणारा माणूस नुसता उभा राहिला, तिच्याकडे बघत. त्याच्या चेहऱ्यावर निराशा नव्हती, दुसरंच काही होतं, पण ते वाचायला ती थांबली नाही. वाटी पुसायला घेतली. कोरडी वाटी तिने बराच वेळ पुसली.

* * *

ती आत्याकडे राहायची. आत्याने आयुष्यभर लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे हलते केले होते. एका दवाखान्यात व्यायामोपचाराची खोली तिची होती. आता घरीच असायची आणि भाचीच्या तोंडाकडे बघून पोटातलं ओळखायची.

संध्याकाळी भाजी निवडता निवडता आत्याच्या पोटरीत गोळा आला. “अगं आई गं,” म्हणत तिने पाय पुढे केला. हिने खाली बसून पाऊल धरलं आणि बोटं हळूहळू वर दाबत आणली.

“लोकांचे गोळे सोडवले मी,” आत्या म्हणाली, “आणि माझा सोडवायला ही काडीपैलवान. दाब अजून.”

“तूच ना ओरडत होतीस?”

“ओरडणं माझं काम, दाबणं तुझं.” मग जरा वेळाने, “आज काय झालंय?”

“काही नाही.”

“तुझा गळतीवाला गेला का?”

“माझा कुठला? संस्थेचा. आणि नाही गेला.” मग ती पोटरीकडेच बघत म्हणाली, “मी आज खोटं बोलले, आत्या. कामात.”

आत्याने तिला सगळं सांगू दिलं. मध्ये एक शब्द टाकला नाही, ही तिच्या मानाने मोठीच गोष्ट होती. सांगून झाल्यावर पायाची बोटं हलवून बघितली.

“सुटला गोळा,” ती म्हणाली. “आता ऐक. त्याला धरून ठेवायचंय, ते ठीक. पण खोट्याने धरलंस तर रोज नवं खोटं घालावं लागेल. आणि तुझा तो नमुना, तो किती पुरणार आहे?”

“नाही पुरणार.”

“मग? माझ्याकडे यायची माणसं, हात गच्च आवळून यायची. वाटायचं त्यांना, आवळलाय म्हणजे जोर आहे. जोर कसला, ते दुखणं असायचं. जोर आहे की नाही ते हात उघडताना कळायचं.” तिने भाजीची ताटली परत पुढ्यात ओढली. “दिसायला कसा आहे?”

“आत्या...”

“पाय दुखतोय गं, करमणूक नको मला?”

“बरा आहे,” ती म्हणाली. “बोलतो फार.”

“हे बरं. आपल्या घरात ते काम माझ्या एकटीवर पडतं.”

* * *

सकाळी ती त्याच्या आधी पोचली. कालचं चित्र पडद्यावर उघडून ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसली. तो आला, छत्री जिन्यात ठेवून, पाय पुसून. पडद्याकडे पाहिलं.

“हे कालचं आहे,” ती म्हणाली. वाटभर पाठ केलेली वाक्यं आता सापडत नव्हती. “तुम्ही चहाला गेलात तेव्हाचं. मी तुम्हाला खोटं सांगितलं. यंत्रात काही नाही. बर्फ माझा आहे... माझ्या श्वासाचा. तुम्ही खोलीत असलात की मला तो धरता येत नाही.”

बोलून झालं.

तो स्टुलावर बसला. “मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“काय माहीत होतं?”

“यंत्र ठीक आहे हे. परवा तुम्ही वर यायच्या आधी मी रिकामी जाळी घालून पाहिली होती. लख्ख होती.”

“परवापासून? मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर निघावं लागलं असतं. एक दिवस मूग गिळून बसलो.” त्याने डोक्यावरून हात फिरवला. “मग मोठ्या बाई म्हणाल्या, नमुना संपत आलाय. तेव्हा वाटलं, हे बरं नाही. तुमच्या तोंडावर तुमची चूक सांगायला जमेना, म्हणून चहाला गेलो. म्हटलं, तुम्हाला तुमचं कळेल, तुम्ही सांगाल, मी जाईन.”

“आणि मी म्हटलं, तसंच आहे.”

“हो.” पहिल्यांदाच त्याला नीट हसू आलं. “तो चहा मला फार गोड लागला, मागाहून.”

तिचे कान तापले. खाली मान घालून ती म्हणाली, “म्हणजे काल मी खोटं बोलतेय, हे तुम्हाला...”

“कालच कळलं. रात्रभर छताकडे बघत होतो. आता तुम्ही ते स्वतःच सांगून टाकलंत, तर मला काय बोलावं सुचत नाहीये. असं होत नाही माझं.”

त्याचा फोन वाजला. कंपनीचा होता. पलीकडच्या गावातलं एक यंत्र बंद पडलं होतं. “इथलं ठीक आहे,” तो फोनवर म्हणाला, तिच्याकडे बघत. “हो. दुपारी निघतो.” आणि फोन ठेवला.

मग त्याने अवजारांच्या पेटीतून कागदी चिकटपट्टीचं रीळ काढलं.

“जायच्या आधी एक जाळी करू. मी खोलीत असताना. नाहीतर माझ्या नावावर बट्टा राहील.”

“मास्क लावला की मला दिसत नाही.”

“लावा तरी.”

तिने मास्क लावला. त्याने वीतभर पट्टी तोडली, तिचा चष्मा उचलून बाजूला ठेवला आणि मास्कची वरची कड तिच्या नाकावर चिकटवली. एका बाजूने दुसऱ्या बाजूला, अंगठ्याने हलकेच दाबत. रबराच्या कड्यातली केसाएवढी चीर शोधणारं बोट होतं ते. मग चष्मा परत डोळ्यांवर ठेवला. काचा स्वच्छ राहिल्या.

“वरून गळती बंद,” तो म्हणाला. “आता कितीही हसा.”

ती वाटीवर वाकली. तो मागे उभा होता आणि यंत्राला काहीतरी सांगत होता. “जातो गं. नीट वाग तिच्याशी.” असलं काही. तिला हसू आलं, ते मास्कमध्ये राहिलं. श्वास आला, गेला. जाळी दांडीवर बसली.

पडदा उजळला. नितळ. इंधन पोचलं होतं. एका जाड धाग्यावर काही डोकी बारीक धाग्यापासून सुटून उभी होती. मागचा मणी सोडलेला, पुढचा अजून धरायचा. खाली पडलेली नव्हती. पुढे कललेली होती.

“हेच का?” त्याने विचारलं.

“हजारो लागतील अशी,” ती म्हणाली. “पण हो. हेच.”

* * *

पेटी जड होती, म्हणून ती त्यांनी लिफ्टमध्ये ठेवली. पेटीला लिफ्टमध्ये सोबत चालत होती, नियम फक्त भांड्यासाठी होता. तरी तिने तळमजल्याचं बटण दाबलं आणि दोघं जिन्याने निघाली. हळूहळू. आज कोणालाच आधी पोचायचं नव्हतं.

“पुन्हा कधी येणार?” तिने शेवटच्या वळणावर विचारलं.

“यंत्र बिघडलं की.”

“मी बिघडू देणार नाही.”

“ते दिसतंच आहे.”

“मग? बिघडलंच नाही तर... कधी येशील?”

‘येशील’ तिच्या तोंडून निसटलं होतं. त्याने ते ऐकलं, एका पायरीवर थांबला, आणि पुढची पायरी उतरला.

“तर रविवारी,” तो म्हणाला.

“आत्या फार बोलते. आधी सांगून ठेवते.”

“मग मी ऐकेन. तेही येतं मला, थोडं उशिरा.”

खाली पेटी वाट पाहत होती. त्याने ती उचलली, छत्री उघडली. निघताना तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, फार गंभीरपणे, आणि तसाच गंभीर चेहरा ठेवून रिपरिपीत निघून गेला.

ती लिफ्टकडे वळली. दार बंद झालेलं होतं आणि त्याच्या गुळगुळीत पत्र्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला. मास्क तिने वरच पट्टीखालून ओढून काढला होता. नाकावरची पांढरी पट्टी मात्र या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत जशीच्या तशी होती. जिन्यावरचं सगळं बोलणं ती हे तोंड घेऊन बोलली होती, आणि त्याने शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं.

तिने पट्टीचं टोक धरलं. मग सोडून दिलं, आणि तशीच जिना चढू लागली.